टेंप्रानियो, मुक्काम पोस्ट दिंडोरी

स्पॅनिशमध्ये 'टेम्प्रानो' म्हणजे लवकर. इतर काळ्या द्राक्षांच्या आधी पिकून मोकळं होतं, म्हणून या द्राक्षाचं नाव टेंप्रानियो. स्पेलिंगमध्ये दोन 'एल' दिसतात, पण ते म्हणायचे नसतात. वेटरसमोर तुम्ही 'टेंप्रानिलो' म्हणालात तरी ग्लासात तेच येतं, तेव्हा टेन्शन नको. स्पेनच्या उत्तरेला, एब्रो नदीच्या काठावर रिओहा नावाचा प्रदेश आहे. तिथल्या रेड वाइनचा जीव या द्राक्षात. आणि हेच द्राक्ष आपल्या नाशिक जिल्ह्यात, सप्तशृंगीला जाताना लागतो त्या दिंडोरी तालुक्यातही येऊन राहिलंय. कसं राहिलंय, ते बघायला एक वीकएण्ड काढा.

नाशिकचा वाइन वीकएण्ड काही नवा नाही, कबूल. सुलाची बाल्कनी, हातात ग्लास, मागे गंगापूर धरणाकडे उतरणारा सूर्य, तीन फोटो, रविवारी कसाऱ्याच्या घाटात ट्रॅफिक आणि सोमवारी ऑफिस. मजा येते, त्यात वाईट काही नाही. पण परत आल्यावर कुणी विचारलं की कुठल्या गावची वाइन प्यायलास, तर आपण वायनरीचं नाव सांगतो. गावाचं नाव आपल्याला माहीतच नसतं. रिओहाचं नेमकं उलटं आहे. तिथल्या वायनऱ्यांची नावं जगातल्या फार थोड्या लोकांना पाठ असतील, पण 'एक रिओहा द्या' म्हटलं की लंडनपासून टोकियोपर्यंत बाटली टेबलावर येते.

रिओहाचं जुनं गॉसिप

हे नाव काही जाहिरातीतून मोठं झालं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या बागांवर फायलोक्सेरा नावाची कीड पडली. मुळांवरच हल्ला करणारी. बोर्दोच्या व्यापाऱ्यांना विकायला वाइन मिळेना, तेव्हा त्यांनी सीमेपलीकडच्या रिओहाकडे मोर्चा वळवला. ओकच्या लाकडी पिंपात वाइन मुरवायची बोर्दोची रीत रिओहात रुजली ती याच काळात. लिहिताना 'हारो' पण म्हणताना 'आरो' अशा नावाच्या गावाला रेल्वे होती, म्हणून वायनऱ्या स्टेशनला खेटूनच उभ्या राहिल्या. पिंप तळघरातून निघालं की थेट मालगाडीत. त्या वस्तीला आजही 'बारिओ दे ला एस्तासिओन' म्हणतात. म्हणजे आपल्याकडचा स्टेशनरोडच की!

त्या स्टेशनरोडवर १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया ही वायनरी सुरू झाली. आजही ती त्याच घराण्याकडे आहे. आपली पिंपं ते स्वतःच्या सुतारशाळेत बनवतात. तळघरातली कोळिष्टकं मुद्दाम ठेवतात, कारण कोळी बुचाला लागणारे किडे खातो. (हे कारण मी घरी आईला ऐकवून पाहिलं. चाललं नाही.) एब्रोच्या वळणात त्यांची 'तोंदोनिया' नावाची बाग आहे, शंभरेक हेक्टरची. तिथल्या रेसेर्वा रेड वाइनमध्ये टेंप्रानियोबरोबर गार्नाचा आणि आणखी दोन स्थानिक द्राक्षं असतात. ती सहा वर्षं पिंपात राहते, मग बाटलीत मुरते, आणि तोडणीनंतर दहाएक वर्षांनी दुकानात येते. गंमत म्हणजे या जुन्यापुराण्या वायनरीच्या दारात झाहा हदीदने आखलेलं एकदम फ्युचरिस्टिक पॅव्हिलियन आहे. शेजारच्या एल्सिएगो गावात मार्केस दे रिस्काल वायनरीने २००६ मध्ये फ्रँक गेरीकडून हॉटेल बांधून घेतलं, रंगीत पत्र्याच्या रिबिनी उडाव्यात तसं. वाइन टुरिझम त्यांनाही कळतो.

पण टुरिझमच्या खाली नियमांचा भक्कम पाया आहे. १९२५ मध्ये रिओहाला स्वतःचं संरक्षित नाव मिळालं आणि १९९१ मध्ये स्पेनमधला सगळ्यात वरचा दर्जा. रेड वाइन 'क्रिआन्सा' म्हणवून घ्यायची तर किमान दोन वर्षं मुरलेली हवी, 'रेसेर्वा' तीन वर्षं, 'ग्रान रेसेर्वा' पाच. त्यातली काही वर्षं ओकच्या पिंपातली. प्रत्येक बाटलीच्या पाठीवर नियामक मंडळाचा नंबर घातलेला शिक्का असतो. २०१७ पासून एखाद्या खास बागेचं नाव 'विन्येदो सिंगुलार' म्हणून लेबलावर घालता येतं. त्यासाठीची एक अट वाचून मी थबकलो. त्या बागेतल्या वेली कमीत कमी ३५ वर्षांच्या हव्यात!

आता नाशिककडे

३५ वर्षांपूर्वी नाशिकमध्ये काय होतं? द्राक्षं होतीच, भरपूर होती, पण ती खायची. वाइनचा महाराष्ट्रातला मोठा खेळ तेव्हा पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला चालला होता. श्यामराव चौगुल्यांच्या इंडेजने ऐंशीच्या दशकात शॅम्पेनच्या धर्तीवरची 'ओमर खय्याम' परदेशात पाठवून सगळ्यांना चकित केलं होतं. नाशिकचा टर्न आला तो नव्वदच्या दशकात. स्टॅनफर्डला शिकून, कॅलिफोर्नियातली ओरॅकलची नोकरी सोडून राजीव सामंत घरच्या जमिनीवर परतले. आंबे आणि गुलाब लावून झाल्यावर १९९७ च्या सुमारास त्यांनी सॉव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँची लागवड केली. आईच्या सुलभा या नावावरून वायनरीला नाव दिलं, आणि २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाहेर आल्या. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, विंचूरला वाइन पार्क काढला. मग काय विचारता! ज्याची बाग त्याची वायनरी असं वातावरण झालं. कांदा-द्राक्षाचे पैसे लोकांनी स्टीलच्या टाक्यांत घातले.

आणि २००८-०९ मध्ये गाडी अडकली. जगभर मंदी, त्यात २६/११ नंतर हॉटेलं ओस पडलेली. बऱ्याच वायनऱ्यांच्या टाक्यांत आदल्या वर्षीचा माल तसाच पडून होता, नवं द्राक्ष घ्यायला जागा नाही आणि पैसाही नाही. इंडेजही त्या तडाख्यातून उठली नाही. नाशिकमधल्या कित्येक छोट्या वायनऱ्यांना टाळं लागलं.

यात खरा मार कुणाला बसला हे समजायचं तर वाइनचं द्राक्ष हातात घेऊन बघायला हवं. आपण पेटीतून आणतो ते थॉम्सन किंवा सोनाका लांब, मोठं, बिनबियांचं. त्याचा मणी फुगावा म्हणून घड औषधात बुडवतात, दाटी मोडायला विरळणी करतात, एक्स्पोर्टचा माल असेल तर घडाला कागदही बांधतात. वाइनचं द्राक्ष दिसायला अगदीच गरीब. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, गोडी मात्र जबरदस्त. सालीतच रंग आणि चव असते, त्यामुळे मणी लहान असणं इथे गुण ठरतो. कामही कमी, मजूरही कमी, करार असेल तर भाव आधीच ठरलेला. शेतकऱ्याला हे पटलं यात नवल नाही. फक्त एकच गोम आहे. वायनरीने माल उचलला नाही, तर हे द्राक्ष कुठे नेणार? पिंपळगावच्या बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. बियांमुळे चांगला बेदाणाही होत नाही. एकच खरेदीदार, आणि तोच म्हणतो यंदा नको.

तेव्हा लोकांनी बागा तोडल्या. काहींनी बुंधे ठेवून त्यावर पुन्हा खायच्या द्राक्षाची कलमं बांधली. दिंडोरीकडच्या एका बागाईतदार काकांच्या ओट्यावर बसलो होतो, तर ते त्या वर्षाबद्दल फार बोललेच नाहीत. समोरच्या प्लॉटकडे हात करून म्हणाले, इथे शिराझ होती. आता तिथे टोमॅटो आहे. वेल असती तर आज तिचं वय अठरा-एकोणीस असतं. वाइनच्या वेलीला म्हातारपण मानवतं. मुळं खोल जातात, घड कमी लागतात, पण रसाला वजन येतं. म्हणून तर रिओहावाले वेलींचं वय लेबलाच्या अटीत घालतात. नाशिकने त्या एका फटक्यात नुसतं पीक नाही घालवलं, वय घालवलं. १९९७ ला लावलेली एखादी वेल अजून तग धरून असेल, तर तिला ३५ वर्षं पुरी होतील २०३२ मध्ये.

अर्थात आपल्याकडे वेल म्हातारी होणं सोपंही नाही. रिओहातली वेल थंडीत पानं गाळून चक्क झोपते. नाशिकला तेवढी थंडी कुठे? निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा कधीकधी ५ अंशांच्याही खाली जातो आणि त्या दिवशी पेपरात फोटो येतो, पण ते चार दिवस. त्यामुळे वेलीला झोप अशी नसतेच. मग माणूसच तिचं वर्ष पाडून देतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा संपता संपता गोडी छाटणी. पहिलीने काडी तयार करायची, दुसरीने घड काढायचा. पाऊस लांबला आणि ऑक्टोबरनंतर धुकं-दव पडलं की केवडा आणि भुरी हजर. तोडणी जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत, म्हणजे स्पेनमध्ये बागा उघड्याबोडक्या असतात तेव्हा. इथे टेंप्रानियोचा लवकर पिकायचा स्वभाव कामाला येतो. मार्चचं ऊन तापायच्या आत घड टाकीत पोचला तर आंबटपणा टिकतो, नाहीतर हाती येतो जॅम.

दोन बाटल्या, एक मटण

दिंडोरी तालुक्यातल्या चारोसा गावी त्याच नावाची वायनरी निघाली आणि तिच्या रिझर्व्ह टेंप्रानियोने आपल्याकडच्या बऱ्याच वाइनवाल्यांची या द्राक्षाशी ओळख करून दिली. पुढे ही वायनरी ग्रोव्हर झांपाकडे गेली. त्यांच्या स्वतःच्या 'शेन' या महागड्या रेडमध्येही शिराझबरोबर टेंप्रानियो आहे. 'शेन' म्हणजे फ्रेंचमध्ये ओक.

बिलबाओला कामासाठी गेलेल्या एका मित्राने येताना तोंदोनियाची रेसेर्वा आणली होती. नाशिकला त्याच्याच गच्चीवर ती आणि एक नाशिकची टेंप्रानियो शेजारीशेजारी उघडली. सोबत काळ्या मसाल्याचं मटण आणि बाजरीची भाकरी. तज्ज्ञ कुणीही नव्हतं, हे चांगलंच झालं.

नाशिकची ग्लासात पडली ती गडद जांभळी. वास पिकल्या जांभळाचा, थोडा व्हॅनिलाचा. पहिला घोट गोल, भरदार, गळ्याखाली उतरताना जरा गरम. दोघांनी लगेच 'मस्त!' म्हटलं. तोंदोनिया त्यापुढे फिक्की, विटकरी कडांची. वास जुन्या कपाटाचा, चामड्याचा, सुक्या नारळाचा (रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात, त्याची ही खूण). पहिल्या घोटाला कुणीच काही बोललं नाही. आंबट आहे गं, असं एक जण हळूच म्हणाली. आमसुलासारखी. मग मटण आलं. अर्ध्या तासाने नाशिकची बाटली अजून निम्मी होती आणि तोंदोनियाच्या तळाला फक्त गाळ उरला होता. तिचा आंबटपणा रश्श्याच्या तेलाला बरोबर कापत होता. नाशिकची मसाल्यापुढे नुसती गोड वाटू लागली. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्यातलं उरलेलं चीज टोस्टबरोबर प्यायलो, तर ती एकदम सुधारलेली! म्हणजे दम होता, वेळ कमी पडला होता.

वेळ देणं महाग आहे, हे मान्य करायला हवं. पिंपात पडलेल्या वाइनवर बँकेचं व्याज चढतं. उन्हाळ्यात तळघर गार ठेवायला वीज लागते. आणि रेडला दहा वर्षं थांबायची सवय ना विकणाऱ्याला ना आपल्याला. परदेशी बाटलीवर भारताने वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लावलं, त्या आडोशाला आपल्या वायनऱ्या वाढल्या. तो आडोसा हळूहळू कमी होतोय. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरवरच्या त्यांच्या बाटलीचा कर १०० टक्क्यांवर आला आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. बाहेरची वाइन शेजारच्या भावात मिळायला लागली, की गिऱ्हाईक विचारणार की नाशिकमध्ये असं काय आहे जे दुसरीकडे नाही. तेव्हा बाल्कनीतला सूर्यास्त पुरणार नाही. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंजुरी देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय आला आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला की तो अमलात आलाच नाही. त्या सगळ्या आरडाओरड्यात वाइन चांगली की वाईट यावर सगळे बोलले. ती कुठल्या शिवारातली, हे कुणी विचारलं नाही.

नाही म्हणायला सुरुवात झालीय. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळून दीड दशक झालं. सुलाने आपल्या एका शिराझचं नाव 'दिंडोरी रिझर्व्ह' ठेवलं, त्यालाही बरीच वर्षं झाली. तालुक्याचं नाव, पुढच्या लेबलावर, ठसठशीत! माझ्या मते त्या बाटलीवरची ती सगळ्यात धाडसी गोष्ट आहे. बाकीच्यांचं नाशिक अजून बहुतेक मागच्या लेबलावर, बारीक अक्षरांत सापडतं. आणि मानांकनाच्या नावाखाली किती महिने पिंपात ठेवलं, किती वर्षांची वेल होती, असला हिशेब रिओहासारखा अजून गिऱ्हाइकापर्यंत पोचत नाही.

तर निघायचं कसं?

मुंबईहून समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून इगतपुरीपर्यंत कसारा घाटाला बगल देता येते. (बाइकवाल्यांनो, तुम्हाला तिथे एन्ट्री नाही. तुम्ही आपले जुन्या रस्त्याने या.) इगतपुरीला उतरलात की पहिला स्टॉप तिथेच घ्या. कावनईजवळ मुकणे धरणाच्या पाण्यावर नजर टाकत बसलेली व्हॅलोने, आणि सांजेगावला ग्रोव्हर झांपा. इगतपुरी म्हणजे धो धो पावसाचा पट्टा, आणि तासाभरात निफाडच्या बाजूला पोचलात की पाऊस मोजून मापून पडणारा कोरडा मुलूख. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना सगळ्याची चव एकच कशी असेल, असा प्रश्न पडला तर समजा ट्रिप वसूल.

दुपारी गंगापूर रोड. सुला आहेच. १९९९-२००० च्या त्या पहिल्या वायनरीपासून २०२२ च्या शेअर बाजारातल्या लिस्टिंगपर्यंतचा प्रवास झाल्यावर तिथली गर्दी पाहून दचकू नका, सकाळी गेलात तर निवांत असतं. पुढे गंगावऱ्हे गावात यॉर्क आणि सोमा. यॉर्कचं नाव इंग्लंडच्या शहरावरून नाही, गुरनानी कुटुंबातल्या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून आलंय. २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. रविवारी सकाळी मिसळ खा, ती न खाता नाशिकहून परतणं म्हणजे गुन्हा आहे. मिसळीबरोबर काय प्यावं म्हणाल तर ताक. वाइनच्या नादात तिचं वाटोळं करू नका. अगदीच हट्ट असेल तर थंडगार शेनाँ ब्लाँ, तेही तर्री न घेता.

मिसळीनंतर दिंडोरी रोड धरा. मोएत हेनेसीने २०१३ मध्ये बुडबुड्यांची शाँदों सुरू केली ती इथेच. इटालियन द्राक्षांचा शौक असेल तर निफाडच्या कुंदेवाडीला रेव्हिलो आहे, सिसिलीचं नेरो दाव्होला तिथे भेटेल. सगळीकडे आधी फोन करून जा. टूर आणि टेस्टिंगच्या वेळा बदलत असतात आणि ड्राय डे कॅलेंडर बघूनच निघा. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळे शहरातले रस्तेही खोदलेले सापडतील. ग्रुपमध्ये एक जण न पिणारा हवा, त्याला जेवण सगळ्यांकडून.

जायचं फेब्रुवारीत. तोडणी पहाटे चालते, ऊन चढायच्या आत क्रेट भरून जातात. बांधावर कुणी कामात असेल तर त्याला नमस्कार करा, बाग कुठल्या जातीची आणि किती वर्षांची आहे ते विचारा. सहसा माणूस हातातलं काम थांबवून सांगतो, आणि एक घड पुढे करतो. तो खाऊन बघा, बिया थुंका. मग तिथून वायनरीत जा आणि त्यांना म्हणा, या गावची आहे का एखादी?